उमेदवार निघत नाही

५ फेब्रुवारी

मामा,

साष्टांग नमस्कार. प्रयोगशाळेत पालथं पडायला जागा नाही, तेव्हा अर्धाच धरून घे. तुला फोन केला की तू म्हणतोस, "तोंडी बोललेलं रेकॉर्डला राहत नाही, लिहून कळव." म्हणून अख्ख्या इमारतीत पाकीट शोधत फिरले. शेवटी एक मिळालं. त्यावर "नमुना : चिखल" असं छापलंय, त्याकडे लक्ष देऊ नकोस.

काम छोटंसं आहे. आमच्या संस्थेला अचानक जाग आलीय की इथले पीएचडीचे विद्यार्थी आणि नव्याने लागलेले शास्त्रज्ञ पुढच्या कामाला तयार आहेत की नाहीत, हे आजवर कुणी तपासलेलंच नाही. म्हणून "सज्जता मूल्यमापन" निघालंय. त्यासाठी एक बाई खास नेमल्यात. त्यांच्या हातात कायम पत्रकांचा गठ्ठा असतो, म्हणून त्यांचं नाव पत्रकबाई. पत्रकात बेचाळीस प्रश्न आहेत. वानगीदाखल एक सांगते : "उमेदवारास स्वतःच्या अज्ञानाची पुरेशी जाण आहे काय? एक ते पाच गुण द्यावेत." आता पाच दिले तर मी अज्ञानी, आणि एक दिला तर अज्ञानी असून तेही कळत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. "पाच वर्षांनंतर आपण स्वतःला कुठे पाहता?" याला आमच्यातल्या निम्म्या लोकांनी "याच खुर्चीत" असं लिहिलंय.

पत्रक तिघांनी भरायचं : मी, माझे सर आणि एक बाहेरचा निरीक्षक, "ज्यास इतरांची सज्जता तपासण्याचा किमान दहा वर्षांचा अनुभव आहे". विषयाची माहिती हवी असं कुठेही लिहिलेलं नाही, मी तीनदा वाचलं. मामा, तू एकोणतीस वर्षं गाडीच्या लायसन्सची परीक्षा घेतलीस. तुझ्याएवढी माणसं कुणी तपासलीत?

माझं काम आठवत नसेल तर सांगते. गोगलगायीला हळूच टोचलं की ती शंखात जाते. ती परत बाहेर यायला किती वेळ लावते, ते मी मोजते. सहा वर्षं हेच करतेय. आता दुसऱ्या एका मोठ्या संस्थेने मला नोकरी दिलीय, पण ३१ मार्चच्या आत प्रबंध सादर झाला तरच. नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला जाईल. प्रबंधाचं अगदी थोडं राहिलंय. घोडं या पत्रकापाशी अडलंय, कारण ते जमा झाल्याशिवाय प्रबंध घेत नाहीत.

तेव्हा सोबतच्या पत्रकात सगळीकडे चार-चार टाक आणि सही करून पाठव. पाच नको, संशय येतो.

तुझी भाची


११ फेब्रुवारी

चि. भाचीस,

आशीर्वाद. तुझे पत्र चिखलाच्या पाकिटातून मिळाले. मामीने ते दोन दिवस गच्चीत ठेवले, म्हणून उत्तरास उशीर.

सही करणार नाही. न बघताच सही करायची असती तर मी एकोणतीस वर्षे उन्हात कशाला उभा राहिलो असतो? पंख्याखाली बसून केली असती. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गृहस्थांना, साहेबांचे साडू म्हणून, गाडी सुरू न करताच पास केले होते. चौथ्या दिवशी ते आमच्याच कचेरीच्या भिंतीतून आत आले. विटांत बसूनच मला म्हणाले, "नमस्कार, ओळखलंत का?" तेव्हापासून न बघता सही नाही.

तू मला गुणही सांगते आहेस. उमेदवार परीक्षकाला गुण सांगू लागला की त्याला गाडीतून उतरवावे, असा माझा शिरस्ता होता. भाची म्हणून बसू दिले आहे.

२३ तारखेला सकाळी नऊला येतो, पाचपर्यंत बसेन. गोगलगायीबद्दल मला एवढेच ठाऊक आहे की तिच्या पोटात पाय असतात. त्याने बिघडत नाही. इंजिनातलेही मला काही कळत नसे. माणूस निघतो कसा आणि थांबतो कसा, एवढेच मी बघतो.

डबा आणीन. तुमच्याकडचे काही खाणार नाही, पाकीट पाहिले आहे.

मामा


१६ फेब्रुवारी

मामा,

ये बाबा. नाही म्हटलं तरी तू येणारच.

फक्त काही गोष्टी सांभाळ. शिट्टी आणू नकोस. भिंतीशी चारशे बारा गोगलगायी आहेत, प्रत्येकीच्या शंखावर रंगाने नंबर घातलाय. नंबर बघून त्यांना "पुढचा" असं ओरडू नकोस. आमचे सर भेटतील. ते इतके सज्जन आहेत की त्यांच्यावर रागावताही येत नाही. सहा वर्षं मी काहीही दाखवलं की ते म्हणतात, "छान. अजून एकदा बघून घेऊ." चहात साखर घातली की नाही, यावरही हेच म्हणतात.

आणि माझ्या टेबलाचा खालचा ड्रॉवर उघडू नकोस. त्यात गोगलगायींचा कोबी असतो, फार वास येतो.

तुझी भाची


२६ फेब्रुवारी

चि. भाचीस,

खाली अहवाल देत आहे. याची एक प्रत संस्थेस टपालाने रवाना केली आहे, कारण आधी उमेदवाराला दाखवण्याची पद्धत नाही.

नजर : उत्तम. सत्तावीस नंबरची ताटात नाही, हे तू माझ्याशी बोलता बोलता ओळखलेस. ती माझ्या टोपीत होती.

हात : स्थिर. तू टोचतेस त्या हाताने मी सुईत दोरा ओवून घेईन.

शेजारचा माणूस : शिकवणीच्या गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. तुझ्या सरांचा पाय त्यावरून सहा वर्षे उठलेला नाही. चहा पिताना मी विचारले, "हिचं काम संपलं का?" ते म्हणाले, "संपलंय बहुतेक, पण अजून एकदा बघून घेऊ." माणूस चांगला आहे. त्याला स्वतःला कधी कुणी पास केले होते की नाही, याची शंका आली.

आता मुद्द्याचे. अकरा वाजता तू हात धुवायला गेलीस, तेव्हा अठ्ठ्याऐंशी नंबर माझ्याकडे आशेने बघत होती. तिला पान द्यावे म्हणून मी खालचा ड्रॉवर उघडला. कोबी नव्हता. प्रबंध होता. बांधलेला, दोनशे अठरा पानांचा, पाच प्रती, वर गेल्या जूनची तारीख. पहिल्या पानाला चिठ्ठी होती : "आणखी फक्त ४० नोंदी." ते खोडून "६०". ते खोडून "१००, मग नक्की."

तू परत आलीस आणि नवी नोंद घेऊ लागलीस. मी विचारले, "या एका नोंदीने काय बदलेल?" तू म्हणालीस, "काही नाही रे, पण असलेली बरी."

असा उमेदवार आमच्याकडे वर्षाकाठी एखादा येई. सीट पुढे घेतो, पट्टा लावतो, आरसा नीट करतो, आरसा पुन्हा नीट करतो. त्याला सगळे येत असते. फक्त निघत नाही. त्याला नापास करता येत नाही, कारण चूक एकही नसते. पास करता येत नाही, कारण गाडी जागच्या जागी. अशाला मी चार मिनिटे देत असे आणि मग शेरा लिहीत असे : गैरहजर. माणूस शेजारी बसलेला असला तरी गैरहजरच.

तुला मी दिवसभर दिला. तेवढ्यात अठ्ठ्याऐंशी नंबर अकरा वेळा शंखातून बाहेर आली.

पत्रकातले बेचाळीस प्रश्न मी रिकामे ठेवले आहेत. शेऱ्याच्या जागी लिहिले आहे : उमेदवार निघत नाही. गैरहजर.

रागावशील. रागाव.

मामा


४ मार्च

मा. बाह्य निरीक्षक महोदय,

सविनय कळविण्यात येते की, आपले पत्रक प्राप्त झाले. आलेल्या एकसष्ट पत्रकांपैकी साठ पत्रकांत गुणांच्या सर्व प्रश्नांस सरसकट चार असून शेऱ्याची जागा रिकामी आहे. प्रत्यक्ष शेरा लिहिणारे आपण एकटेच. मूल्यमापन विभाग आपला ऋणी आहे.

आपल्या शेऱ्यावर तत्काळ कार्यवाही करण्यात आली असून सदर उमेदवाराची २३ फेब्रुवारीपासून गैरहजर अशी नोंद घेण्यात आली आहे. मी स्वतः तिच्या टेबलापाशी जाऊन आले. तेथे एक मुलगी बसलेली होती. उमेदवार कोठे आहे याची तिच्याकडे चौकशी केली असता तिला काही सांगता आले नाही.

उमेदवाराचा ठावठिकाणा आपणास समजल्यास कृपया कळवावे. सर्वांना काळजी वाटते.

आपली विश्वासू,
समन्वयक, सज्जता मूल्यमापन विभाग


१० मार्च

मामा,

तू काय करून ठेवलंस याची तुला कल्पना आहे का?

दाराला कार्ड लावलं की लाल दिवा लागतो. सकाळी सफाईच्या मावशींच्या मागून चोरासारखी आत जाते. माझ्या खुर्चीवर प्रिंटर ठेवलाय. मला कुणी मेल केला तर आपोआप उत्तर जातं की सदर व्यक्ती गैरहजर आहे, आढळल्यास कळवावे. सरांनी माझ्यासमोर बसून मला मेल केला, "कुठे आहेस?" मी म्हटलं, "सर, ही काय इथे." ते म्हणाले, "हो, दिसतेयस. पण अजून एकदा बघून घेऊ."

पत्रकबाईंनी टेबलापाशी जिला विचारलं असं तुला कळवलंय म्हणे, ती मुलगी मीच. त्यांनी इतक्या काळजीने विचारलं, "तिला शेवटचं कधी पाहिलंत?" की मीही आठवू लागले. खरंच आठवेना.

गोगलगायींची नोंद आता "बेवारस साहित्य" अशी झालीय. ३१ मार्चला त्यांना बागेत सोडणार आहेत. माळीकाकांनी लेखी दिलंय की त्या बागेत आल्या तर ते बागेतून जातील.

हजर व्हायचे तीनच मार्ग आहेत, सूचनाफलकावर लावलेत. एक, डॉक्टरांचा दाखला. मला धाड भरलेली नाही. दोन, नव्याने प्रवेश घेऊन पहिल्या वर्षापासून सुरुवात. तीन, प्रबंध स्वतः खिडकीवर आणून देणे. तुझं पत्रक जमा झालंय म्हणून तो घेतीलही. त्यात काय लिहिलंय हे खिडकी बघत नाही.

रडत आईला फोन केला. म्हटलं, तुझ्या भावाने माझा घात केला. ती जी हसत सुटली ती थांबेचना. तिलाही तू गैरहजर लिहिलं होतंस म्हणे. सख्ख्या थोरल्या बहिणीला. शेरा लिहून तू तिच्या बाजूचं दार उघडायला खाली उतरलास, आणि ती परीक्षेची गाडी घेऊन सरळ घरी निघून आली. तू मागून सात किलोमीटर चालत आलास. मी विचारलं, मग पास केलं का? तर म्हणाली, "छे. दुसऱ्या दिवशी परत रांगेत उभं केलं, आणि आधीच्या दिवशी सिग्नल मोडला म्हणून वर भाषणही दिलं."

पण मामा, आईला राग आला की तिचं अंग चालतं. माझं गोठतं. आता एवढं झालंच आहे तर ऐक. मला भीती वाटते. त्या दोनशे अठरा पानांत कुठेतरी एक चूक असेल आणि ती मला सोडून सगळ्या जगाला दिसेल. ड्रॉवरमध्ये आहे तोवर तो चांगला प्रबंध आहे. खिडकीवर दिला की तो फक्त मी लिहिलेला प्रबंध होईल. हे सरांना सांगता येत नाही, आईला सांगितलं तर ती हसते. तुला सांगितलं नाही, कारण तू सही करशील आणि जाशील असं वाटलं होतं.

आता मला निघताही येत नाही आणि बसायला खुर्चीही नाही.

भाची


१५ मार्च

चि. भाचीस,

तुझे पत्र मामीला वाचून दाखवले. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. जेवण ताटात वाढते आणि ताट शेजारच्या खोलीत ठेवते.

मी तुला परीक्षेची गाडी समजून बसलो. तिथे गैरहजर लिहिले की माणूस चडफडत घरी जाई आणि पुढच्या आठवड्यात येऊन गाडी पळवून दाखवी. त्याची खुर्ची कुणी काढून घेत नसे. तुमच्या कचेरीत शेऱ्यावर खरेच कार्यवाही होते, हे मला कसे ठाऊक असणार? सरकारी नोकरीत आयुष्य गेले माझे.

आणखी एक. मी तुझे हात बघितले, ते थरथरत नव्हते. तू घाबरली आहेस हे मला दिसले नाही. एकोणतीस वर्षे माणसे बघितली आणि घरातल्या पोरीच्या बाबतीत चुकलो. याचे मला वाईट वाटते, आणि ते वाटतच राहील.

सोबत दुरुस्तीपत्र जोडले आहे. त्यात लिहिले आहे की निरीक्षकाची नजर चुकली, उमेदवार दिवसभर हजर होती व तिची सज्जता उत्तम आहे. मी आजवर एकही शेरा खोडलेला नाही. साहेबांच्या साडूंसाठी नाही, तुझ्या आईसाठी नाही. हा पहिला. तीनदा लिहावे लागले, अक्षर लागत नव्हते.

हे पत्रकबाईंना दे. कार्ड सुरू होईल, खुर्ची मिळेल, गोगलगायी तुझ्या तुझ्याकडे राहतील. प्रबंध तुला वाटेल तेव्हा दे. ती नोकरी गेली तर गेली. तुला कुणी ढकलणार नाही, मी तर नाहीच.

मामा


३० मार्च

मामा,

काल गेले होते. पिशवीत एका बाजूला तुझं दुरुस्तीपत्र आणि दुसऱ्या बाजूला पाच प्रती. पत्रकबाईंची खोली आणि प्रबंधाची खिडकी समोरासमोर आहेत, मधे एक कुंडी. मी त्या कुंडीपाशी पाऊण तास उभी होते. पत्रकबाई दोनदा बाहेर आल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "तुम्ही त्या बिचारीच्या मैत्रीण ना? काही कळलं का?"

मग तुझं पत्र काढलं, देऊन टाकावं म्हणून. देण्याआधी एकदा वाचलं. "निरीक्षकाची नजर चुकली." मामा, तुझी नजर चुकली नव्हती रे. जन्मात पहिल्यांदा तू धडधडीत खोटं लिहिलंस, तेही माझ्यासाठी, आणि किती वाईट अक्षरात. ते दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला माझा हात धजेना. घडी घालून परत ठेवलं.

खिडकीतले कारकून म्हणाले, "द्यायचं असेल तर द्या, जेवणाची सुट्टी होतेय." मी पाचही प्रती ठेवल्या. त्यांनी माझं नाव विचारलं, यादीत बोट फिरवलं आणि म्हणाले, "या तर गैरहजर आहेत." मी म्हटलं, "होत्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शिक्का उचलला आणि पाच वेळा हाणला. खिडकी बंद केली. मला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. ते आतमध्ये डबा उघडत होते, एवढाच आवाज.

जिना उतरता उतरता कळलं की सत्त्याण्णव पानावरचा आलेख उलटा छापलाय. पाचही प्रतींत. नऊ महिने दर आठवड्याला मी ते पान बघत होते.

परत वर जाणार होते. गेले नाही. बाहेर जाऊन चहा घेतला आणि चांगला तासभर रडले. त्यानंतर फार भूक लागली.

कार्ड लावलं तर हिरवा दिवा लागला. प्रिंटर अजून तिथेच आहे.

तुझी भाची


१७ मे

मामा,

काल तोंडी परीक्षा झाली. आई आली होती, स्वतः गाडी चालवत. बाहेरच्या बाकावर सगळ्यांना तुझी सात किलोमीटरची गोष्ट सांगत होती, हसण्याचा आवाज आत येत होता.

तीन परीक्षक होते. सत्त्याण्णव पान आलं तेव्हा पहिल्यांनी प्रबंध उलटा धरला, "हं" म्हणाले आणि सरळ केला. दुसऱ्यांनी तेच केलं. तिसऱ्या बाई मान वाकडी करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "असाही बराच दिसतो." या एका पानासाठी मी महिनाभर झोपले नव्हते.

मग त्यांनी विचारलं की अठ्ठ्याऐंशी नंबर इतरांच्या आधी बाहेर येते, ती का? मी म्हटलं, "माहीत नाही." मला वाटलं, संपलं. पहिल्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "मलाही नाही. शोधायला हवं कुणीतरी." शेवटचा प्रश्न पत्रकबाईंनी मुद्दाम त्यांच्याकडे दिला होता : "उमेदवारास आपण आता सज्ज आहोत असे वाटते काय?" मी नाही म्हणाले. त्यांनी मला पास केलं.

गोगलगायी सरांनी घेतल्या. नंबर बरोबर आहेत का ते अजून एकदा बघून घेतायत.

मामा, मला वाटत होतं की एक दिवस मी तयार होईन आणि मग जाईन. तसा दिवस आलाच नाही. परवा नव्या नोकरीवर निघतेय आणि बॅग तीनदा भरून तीनदा रिकामी केलीय. हे असंच असतं का, एवढं मला लिहून कळव.

तुझी भाची


२२ मे

चि. डॉक्टर भाचीस,

आशीर्वाद. मामी पुन्हा बोलू लागली आहे. पहिले वाक्य, "नशीब तुमचं."

तू विचारले आहेस म्हणून सांगतो. हे मी कचेरीत कधी कुणाला बोललो नाही. तयार असलेला उमेदवार मी एकोणतीस वर्षांत एकही पाहिला नाही. जे घाबरत का होईना निघाले आणि समोर माणूस आल्यावर थांबले, त्यांना मी पास करत गेलो. बहुतेक जण अजून नीट चालवत आहेत. तूही चालवशील. मला तुझा अभिमान वाटतो, हेही लेखी असू दे.

मात्र वरचे तुमच्या पत्रकबाईंच्या कानावर जाता कामा नये. त्यांचे पत्र आले आहे. संस्थेतले आणखी एकवीस जण तपासायला त्यांनी मला बोलावले आहे, यादीत पहिले तुझे सर. मामी म्हणते, तुम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही, कोणत्या तोंडाने जाणार? तिचे बरोबर आहे. दोन रात्री झोप नाही.

सोमवारी सकाळच्या गाडीने निघतो.

मामा